मेजर-जनरल साहिबसिंग सोखी : शिपाई, शास्त्रज्ञ व औषधांचे कारखानदार

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. आपल्याच रक्तामांसाच्या माणसाने काही मोठे कार्य केलेले वाचले म्हणजे मुलांना हुरूप येतो. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे ज्या पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत, तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या प्रांताचा नव्हता, आणि मराठी ही त्याची मातृभाषाही नव्हती. १८८७ साली अमृतसरास जन्मलेला तो एक शीख वैद्य होता व हुद्द्याने लष्करी अधिकारी होता. तथापि त्याच्या आयुष्यातील मोठे कार्य मुंबईस परळ येथे झाले, आणि त्याची फळे आमच्या तलवाड्यासारख्या गोदाकाठच्या गावांपर्यंत पोहोचली. ज्याचे नाव आपल्या कोणत्याही वंशावळीत नाही, पण ज्याच्या श्रमांमुळे आपल्या कित्येक वंशावळी खुंटावयाच्या वाचल्या, त्याचे स्मरण ज्ञातीच्या पुस्तकात होणे अनुचित नाही, असे आम्हांस वाटते.

या चरित्राची निवड करण्यास आणखी एक व्यावहारिक कारण आहे. फौजेत गेलेले आपले तरुण ऐन उमेदीत, चाळिशीच्या आसपास, सेवानिवृत्त होऊन घरी येतात. पेन्शन असते, अंगात शिस्त असते, हातपाय धड असतात. आता पुढे काय करावे, हा प्रश्न तेवढा उभा राहतो. दुसरीकडे, औषधशास्त्राची पदविका घेऊन तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान घालणारी मुलेही घरोघर दिसू लागली आहेत. सैनिकाने नागरी जीवनात कोणता उद्योग करावा आणि औषधाच्या उद्योगाचे यश कशाने मोजावे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मेजर-जनरल सोखी यांच्या चरित्रात एकाच ठिकाणी सापडते.

त्यांच्या कार्याची थोरवी कळण्यास प्रथम प्लेगचा इतिहास ध्यानी घ्यावा लागेल. १८९६ साली मुंबईत मांडवी बंदराच्या वस्तीत प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि थोड्याच अवधीत तो रेल्वेच्या व बाजारपेठांच्या मार्गाने देशभर पसरला. पुढील तीन-साडेतीन दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत असे वृद्ध अजूनही क्वचित भेटतात.

वाल्डेमार हाफकिन नावाचे रशियात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ त्या वेळी सरकारच्या विनंतीवरून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली. पुढे १९२५ साली तिलाच हाफकिन संस्था हे नाव मिळाले. परंतु या गौरवापूर्वी एक अनर्थ घडून गेला होता. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले आणि दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. औषध शोधून काढणे एवढ्याने काम भागत नाही. ते प्रत्येक बाटलीत सारखे, शुद्ध व मोजून घेतलेल्या शक्तीचे असले पाहिजे, हा धडा त्या प्रसंगाने घालून दिला. तो धडा ज्यांनी कसोशीने गिरविला, त्यांत सोखी यांची गणना करावी लागेल.

साहिबसिंग सोखी यांनी विलायतेत वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १९१३ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश केला. ही सेवा नावाने वैद्यकीय असली तरी मुळात लष्करी होती. तिची परीक्षा त्या काळी लंडनला होत असे व तीत यश मिळविणारे हिंदी तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. नोकरीस लागून वर्ष होते न होते तोच पहिले महायुद्ध पेटले व लष्करी डॉक्टरांची कसोटी लागली. सैन्याच्या दवाखान्यात रोग्याची नाडी पाहण्याइतकेच महत्त्व साठ्याला असते. किती माणसे, किती मात्रा, कोठे, केव्हा, याचा हिशेब चुकला तर निष्णात डॉक्टरही हतबल होतो. सोखी यांनी पुढील आयुष्यात जे जे केले, त्यात हा सैनिकी हिशेब आम्हांस सर्वत्र दिसतो.

युद्धानंतर ते संशोधनाकडे वळले व परळच्या संस्थेत दाखल झाले. १९३२ साली ते हाफकिन संस्थेचे संचालक झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. संचालकाच्या खुर्चीवर बसून कागदांवर सह्या करीत राहिले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु त्यांनी संस्थेचे स्वरूपच पालटण्याचे मनावर घेतले. जेथे रोगाचा अभ्यास होतो, तेथेच रोगावरचे औषध मोठ्या प्रमाणात तयार झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. प्रयोगशाळेच्या शेजारी त्यांनी कारखाना उभा केला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

आरंभ प्लेगच्या लसीपासून झाला. जुन्या पद्धतीत मांसाच्या रसात प्लेगचे जंतू काही आठवडे वाढवून, नंतर उष्णतेने मारून लस बनवीत. तिचा उपयोग निश्चित होता, परंतु एका घाण्याची लस प्रभावी निघे तर दुसऱ्या घाण्याची मंद. सोखी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंचा वाण, वाढीचे तापमान, मारण्याची रीत या प्रत्येक गोष्टीचा लसीच्या शक्तीवर काय परिणाम होतो, हे उंदरांवर प्रयोग करून मोजले. ठराविक मात्रा दिलेले किती उंदीर जगतात, यावरून लसीची ताकद आकड्यात सांगता येऊ लागली. मांसरसाऐवजी दुधातील केसीन या द्रव्याचे आम्लाने विघटन करून तयार केलेला रस वापरण्याची रीतही त्यांनी बसविली. त्यामुळे लस अधिक शुद्ध झाली आणि तिचा दर्जा एकसारखा राखणे शक्य झाले.

परंतु लस ही निरोग्यासाठी असते. ज्याच्या जांघेत गाठ आली त्याला लसीचा उपयोग नाही. अशा रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सल्फा वर्गातील नवी औषधे पाश्चात्त्य देशांत निघाली होती. सोखी व डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी सल्फाथायझोल हे औषध प्लेगवर चालते की नाही, याचे प्रयोग केले व १९४० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे डॉ. दीक्षित म्हणजे पुढे १९५६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झालेले महाराष्ट्रीय गृहस्थ होत. औषध उपयोगी आहे असे ठरले. पण युद्धामुळे समुद्रमार्ग बंद, आणि परदेशी माल मिळेनासा झालेला. तेव्हा हाफकिन संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी, ज्यांत डॉ. के. गणपती हे प्रमुख होते, सल्फा औषधे येथेच बनविण्याची विद्या हस्तगत केली. हिंदी माणूस गुणी खरा, पण कारखानदारी त्याला जमावयाची नाही, असे त्या काळी उघडपणे बोलले जाई. परळच्या त्या इमारतीत त्याचे उत्तर तयार झाले.

आता आपल्या खेड्यांशी निकटचा संबंध असलेल्या एका गोष्टीकडे वळू. सर्पविषावरील प्रतिविष तयार करण्याचे कार्यही हाफकिन संस्थेत सोखी यांच्याच कारकिर्दीत मोठे झाले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषाची अल्प अल्प मात्रा घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्ये निर्माण होतात. ते रक्त काढून त्यातील रक्तद्रव शुद्ध करतात व त्याची कोरडी पूड करून कुप्यांत भरतात. या चारही सर्पांवर एकच औषध चालते. दंश कोणत्या सर्पाचा, हे रात्रीच्या अंधारात शेतकऱ्याला सांगता येत नाही, म्हणून या गोष्टीचे मोल फार. कोरडी पूड पातळ औषधापेक्षा उष्णतेत अधिक टिकते, हाही खेड्याच्या दृष्टीने लहानसहान लाभ नव्हे.

आमच्या गेवराई तालुक्यात व सबंध बीड जिल्ह्यात सर्पदंश ही पुस्तकातील गोष्ट नाही. उसाच्या फडात, कापसाच्या रानात, कडब्याच्या गंजीखाली, रात्री पाणी धरावयास गेलेल्या माणसाला ती केव्हाही गाठते. ऊसतोडीस परमुलखी गेलेली आपली माणसे कोपीत भुईवर निजतात, त्यांची तर रोजच परीक्षा असते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. औषध देशातच तयार होत असताना एवढी माणसे का मरावी? उत्तर असे की, औषध कुपीत आहे पण कुपी वेळेवर माणसापर्यंत पोहोचत नाही, किंवा माणूस आधी मांत्रिकाच्या ओट्यावर नेला जातो व कुपीपर्यंत पोहोचत नाही. शिक्षकाच्या नोकरीत आम्ही अशा घरी सांत्वनास गेलो आहोत. तेथे कोणाला दोष देण्याचा धीर होत नाही. म्हणून तो प्रसंग येण्यापूर्वीच सांगणे भले : दंश झालेल्या माणसाला चालवू नये, जखम कापू नये, दोरीने घट्ट आवळू नये, व क्षणाचाही विलंब न करता सरकारी दवाखान्यात न्यावे.

असो. पोहोचण्याचा हाच प्रश्न सोखी यांच्या मनात होता, याचे प्रमाण १९३८ सालच्या एका कार्यात मिळते. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली व पंडित जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष झाले. या समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद कर्नल सोखी यांच्याकडे देण्यात आले. अंगावर सरकारी गणवेष असलेल्या माणसाने स्वतंत्र हिंदुस्थानच्या आरोग्याचा आराखडा करावयास बसणे, यास त्या दिवसांत धैर्य लागत असे. त्या उपसमितीने असे सुचविले की, दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक असावा, तो थोड्या महिन्यांत शिकवून तयार करावा, आणि प्रथमोपचार व साध्या औषधांची त्याला माहिती असावी. देशाने स्वतःला लागणारी औषधे स्वतः बनवावी, असाही तिचा रोख होता.

आज तलवाड्यात घरोघर फिरणारी आशाताई आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ही योजना २००५ साली सुरू झाली व तिचे प्रमाण खेड्यात हजार लोकवस्तीमागे एक असेच ठेवण्यात आले. सूचना आणि तिची प्रत्यक्ष अंमलबजावणी यांमध्ये सहा दशकांहून अधिक काळ गेला. त्या काळात किती बाळंतिणी, किती अर्भके, किती तापकरी गेले असतील, याचा हिशेब कोणी मांडावा? चांगला विचार कागदावर पडून राहणे हाही एक प्रकारचा रोगच म्हणावा लागेल.

१९४६ साली सोखी यांना सर हा किताब मिळाला. पुढील वर्ष मात्र त्यांना दुःखाचे गेले. त्यांच्या पत्नी लीला, ज्या मेनका या नावाने कथक नृत्यात जगप्रसिद्ध होत्या व ज्यांनी खंडाळ्यास नृत्यशाळा चालविली होती, त्या १९४७ साली निवर्तल्या. सेवानिवृत्तीचे वयही आले होते. मेजर-जनरलच्या हुद्द्याचा, सर किताबाचा मनुष्य आता बंगल्यात आरामखुर्चीवर बसेल, असे कोणासही वाटले असते. परंतु जागतिक आरोग्य संघटना नुकतीच स्थापन झाली होती. तिचे साहाय्यक महासंचालक म्हणून १९५०च्या सुमारास त्यांनी काम पाहिले. परतल्यावर राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले व १९५६ पर्यंत ते तेथे होते.

या उत्तरायुष्यात त्यांचा विषय एकच होता : जीवरक्षक औषधे देशात, मूळ रसायनापासून, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत तयार झाली पाहिजेत. परदेशाहून तयार पूड आणून येथे गोळ्या वळणे व त्यावर आपली चिठ्ठी डकवणे, यास ते औषधनिर्मिती म्हणावयास तयार नव्हते. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला व तेथे पेनिसिलिन निघू लागले. १९६१ साली इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही कंपनी स्थापन होऊन सोव्हिएट साहाय्याने ऋषीकेश व हैदराबाद येथे तिचे मोठे कारखाने झाले. सोखी ज्याचा पुरस्कार करीत होते, तेच हे धोरण होते.

दुसरा अडसर पेटंटचा होता. १९११च्या कायद्याने औषधी द्रव्यावरच सोळा वर्षांचा एकाधिकार मिळे. मग येथल्या रसायनज्ञाने दुसऱ्या रीतीने तेच औषध बनविले तरी ते विकण्याची त्याला मुभा नसे. त्या दिवसांत हिंदुस्थानातील काही औषधांच्या किंमती जगात सर्वांत चढ्या होत्या, असा निष्कर्ष अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही काढला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालानंतर, पुष्कळ वादविवाद होऊन, १९७० साली नवा कायदा झाला. औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या रीतीवर पेटंट द्यावे, असे त्याने ठरविले. कायद्याचा अंमल एप्रिल १९७२ पासून सुरू झाला. सोखी त्यापूर्वीच, १९७१ साली, निधन पावले होते. झाड लावणाऱ्याच्या नशिबी सावली असतेच असे नाही.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. ज्या सरकारी कारखान्यांवर सोखी यांची भिस्त होती, त्यांची पुढे दुर्दशा झाली. पिंपरीचा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. ऋषीकेश व हैदराबादचे कारखाने थंडावले. उलट १९७०च्या कायद्याचा लाभ घेऊन खाजगी हिंदी कंपन्यांनीच स्वस्त औषधे जगभर पोहोचविली. २००५ साली द्रव्यावरील पेटंट पुन्हा लागू झाले, तोवर हा धंदा आपल्या पायांवर उभा होता. तेव्हा मालकी सरकारची की खाजगी, एवढ्यानेच निवाडा होत नाही, असे म्हणणे प्राप्त आहे. परंतु त्या खाजगी कंपन्यांत काम करणारे कित्येक रसायनज्ञ सरकारी कारखान्यांत व प्रयोगशाळांतच तयार झाले होते, हेही विसरता कामा नये. सोखी यांनी बांधलेल्या भिंती काही ठिकाणी खचल्या, तरी त्यांनी घडविलेली माणसे व विद्या टिकली.

ही विद्या आपल्या जिल्ह्याच्या कामी कशी आली, याचा दाखला फार जुना नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, आणि पुढील वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याच बीड तालुक्यातील मामला गावी पिसवांचा सुळसुळाट होऊन गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरातच सुरतेहून फुफ्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि तेथून लक्षावधी माणसे पळाली. आम्ही त्या वेळी नोकरीत होतो. वृद्धांच्या कहाण्यांतला शब्द वर्तमानपत्रात पाहून मुले वर्गात नाना प्रश्न विचारीत, व पालकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. परंतु १८९६ व १९९४ यांत महदंतर होते. टेट्रासायक्लिनसारखे औषध देशात बनत होते, ते स्वस्त होते व गावात येऊन वाटता येत होते. माळावर झोपड्या घालण्याची पाळी आली नाही. हे अंतर कोणा एकाच पुरुषाने कापले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते कापणाऱ्यांत परळच्या त्या सैनिक-वैद्याचे पाऊल पुढे होते.

सोखी हे स्वतःच्या नावाच्या कोणत्याही कंपनीचे धनी नव्हते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. तरीही आम्ही त्यांना कारखानदार म्हणतो. ज्याने माल निर्माण केला, त्याचा दर्जा बांधून दिला, माणसे शिकविली, परावलंबन कमी केले आणि शेवटच्या घरापर्यंत तो जावा याची चिंता वाहिली, तो उद्योजकच होय. नफा हा धंद्याचा श्वास आहे, हे आम्ही अमान्य करीत नाही. संसार असलेल्या माणसाने दुकान तोट्यात चालवावे, असा उपदेश आम्ही करणार नाही. परंतु औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही, मालाची पारख नसते आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणण्याची सवड नसते. म्हणून या धंद्यात विश्वास हेच खरे भांडवल.

आपल्या निवृत्त सैनिक बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे की, साठ्याची नोंद, वेळेची शिस्त व अडचणीच्या जागी पोहोचण्याची सवय ही जी तुमची कमाई आहे, तिची खेड्याच्या आरोग्याला अतिशय गरज आहे. रुग्णवाहिका चालविणे असो, लस थंड ठेवून वस्तीवर नेणे असो, की प्रयोगशाळेत तपासनीस होणे असो, ही कामे बंदुकीइतकीच मानाची आहेत. आणि औषधशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना सांगणे असे की, दुकानाच्या फळीवरील कुपी हातात घ्याल तेव्हा ती कोणी, कशी व कोणासाठी निर्माण केली, याचाही थोडा अभ्यास करा. संघाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून औषधनिर्मिती व जंतुशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास दर वर्षी मदत व्हावी, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. त्वरितादेवीच्या पायथ्याच्या आमच्या गावातून असा एखादा संशोधक निघाला, तर पुढील एखाद्या स्मरणिकेत आपल्याच ज्ञातीच्या माणसाचे चरित्र अभिमानाने छापता येईल.